उघाडीचं सुतक

बुधवारी सकाळी घरतांच्या खारात समुद्र सोडायची पाळी होती. हर्षाली बांधावर पोचली तेव्हा भरतीला अजून अवकाश होता. खाडीचा चिखल उघडा पडला होता, त्यावर निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या, आणि लांबवर खुबे-शिंपल्या वेचणाऱ्या बायका वाकलेल्या दिसत होत्या. तिनं उघाडीच्या खांबावरची पेटी उघडून पडद्यावरचे आकडे पाहिले, जाळीत अडकलेली एक चप्पल काठीनं बाहेर ओढली आणि कठड्यावर बसून राहिली.

तिच्या लहानपणी खारवेळे गावात कोणी जाणूनबुजून खारं पाणी शेतात घेतलं असतं, तर लोक त्याला मारायला धावले असते. खारेपाटातलं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या समुद्राला बाहेर ठेवूनच जगलं होतं. मातीचा लांबलचक बांध, आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायला बांधात बसवलेलं एक दार म्हणजे उघाडी, आणि आत खार, म्हणजे भाताची शेतं. मग समुद्र चढत गेला. बांध दर उधाणाला कुठे ना कुठे खचू लागला, भात उभ्या उभ्या करपू लागलं, आणि ज्यांना जमलं ते उरण-पनवेलकडे कामाला लागले. आता परिस्थिती अशी होती, की ज्याच्या शेताची पाळी हुकेल तो सकाळी सकाळी हर्षालीला फोन करून भांडत असे, की माझ्याच वाट्याला समुद्र कमी का.

पाणी चढलं. मोटर गुरगुरली, पोलादी दार वर सरकलं आणि समुद्र पाटातून आत शिरला. दोन्ही बाजूंना कंबरेएवढी मोरस उभी होती, तिच्या बुडाशी पाणी शांतपणे पसरत गेलं.

मोरस मुळात खाजणाच्या कडेला आपसूक उगवणारी, जेमतेम वीतभर उंचीची, जाड रसाळ पानांची वनस्पती. गावातल्या बायका तिची भाजी करत. दोनदा उकळून पाणी ओतून द्यायचं आणि वरून मीठ घालायचं नाही, एवढंच त्यातलं कसब. क्षारशेती संस्थेच्या डॉ. इरफान मुकादमांनी तिच्यापासून जो वाण काढला, तो मात्र झुडपासारखा वाढायचा, नुसत्या समुद्राच्या पाण्यावर जगायचा, आणि त्याच्या मोहरीएवढ्या दाण्यात चांगलं पाव हिस्सा तेल असायचं. खाडीतल्या लाँच त्या तेलावर चालत होत्या, एसटीच्या निम्म्या गाड्याही. आणखी शुद्ध केलं की विमानांनाही ते चालत असे. समुद्राचं पाणी फुकट, जमीन अशी की जिच्यात दुसरं काही पिकत नव्हतं. उरण-पनवेलला गेलेली काही घरं परत आली होती. शाळेतला बंद पडलेला वर्ग पुन्हा सुरू झाला होता.

एक अट होती. हे झाड बाहेर पडता कामा नये. मुकादमांनी पहिल्याच ग्रामसभेत ते समजावून सांगितलं होतं. दाणा भरायच्या शेवटच्या पंधरवड्यात या झाडाला दोन दिवस तहान आणि तिसऱ्या दिवशी समुद्र, अशी सवय त्यांनी बियाण्यातच घालून ठेवली होती. तहान लागली नाही तर दाणा आतून पोचट राहतो, उगवत नाही. खाडीत समुद्र रोज दोनदा येतो, तिथं तहान कुठली? म्हणजे एखादं रोप वाहून बाहेर गेलं तरी त्याचा वंश तिथंच संपतो. याला त्यांनी भरती-कुलूप असं नाव दिलं होतं. त्या सभेत हर्षालीची चांगुणाआत्या मागच्या रांगेतून म्हणाली होती, "म्हंजे उपास केल्याबिगर हिला पोर होत नाय." सभा हसली. मुकादमही हसले आणि म्हणाले, की एवढ्या थोडक्यात मलासुद्धा सांगता आलं नसतं.

मोटर, दार आणि पाळ्या सांभाळायचं काम हर्षालीकडे होतं. ती इंजिनियर होती म्हणून, आणि घरत होती म्हणूनही. उघाडीची राखण घरतांच्या घराकडे होती. तिच्या आधी तिचे वडील कमळाकर घरत हे काम करत. जुनी लाकडी झडप जाऊन मोटर आली तेव्हा लोकांना वाटलं होतं की त्यांना वाईट वाटेल. त्यांनी मोटरीचं नाव 'जावई' ठेवलं. मुलगी लग्नाचं नाव काढत नाही म्हणून घरात कुरबुर चालायची, त्यावरचा तो त्यांचा तोडगा होता. न बोलता काम करतो आणि सणाला कपडे मागत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. गेल्या माघात ते वारले. वर्षश्राद्धाला आता दोन-अडीच महिने उरले होते, आणि गावात मोटरीला त्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं.

पाणी घेऊन झाल्यावर हर्षालीनं दार खाली सोडलं. तेवढ्यात चांगुणाआत्या बांधावर चढली. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली, डोक्यावर पाटी, आणि नेहमीसारखी आधी बोलायला लागून मग दिसलेली. खुब्यांचं काही खरं नाही, असं तिचं म्हणणं होतं. पाटी हलकीच होती. तिनं ती खाली ठेवली आणि वर ठेवलेली मोरसेची जुडी हर्षालीपुढे धरली.

"घे. तोंडाशी माजलीय नुसती. तुझ्या बापाला आवडायची."

हर्षालीनं जुडी घेतली आणि तिचा हात थांबला. खाजणातल्या मोरसेचा देठ हिरवा असतो, जून झाला की लाल. या देठांवर मधोमध एक जांभळी शीर होती. संस्थेनं ती ओळखीसाठी मुद्दाम ठेवली होती, जनावराच्या कानाला बिल्ला लावतात तशी.

"कुठून आणलीस?"

"सांगितलं ना, खाडीच्या तोंडाशी. तुझ्या खारातली नाय चोरली."

"आत्या, किती आहे तिथं?"

"हाय बक्कळ. तिथं आता खुबे गावत नाय गो. हात घालावा तर मुळंच मुळं. चिखल असला आवळलाय की पाय पण रुतत नाय." तिनं भाचीच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

हर्षाली म्हणाली की दुपारच्या ओहोटीला मला तिकडे घेऊन चल.

खाडीच्या तोंडाशी तिवरांच्या पुढे जो चिखलाचा सपाट पट्टा होता, तो तिला लहानपणापासून माहीत होता. आत्याच्या मागून पाय टाकत, गुडघाभर रुतत तिथं जायचं, आणि आत्या सांगेल तिथं बोटं खुपसायची. आज पाय रुतले नाहीत. अंगणाएवढा तुकडा दाट मोरसेनं भरला होता, त्याच्या पलीकडे आणखी एक, आणि त्यापलीकडे सुटी सुटी झुडपं. मुळांची चटई झाली होती. त्या चटईवर एकही निवटी नव्हती, आणि तिवराची जी रोपं या दिवसांत चिखलात ठिकठिकाणी उभी दिसायची, तीही नव्हती.

तिला अजून आशा होती. वाहून आलेली रोपं असतील, एका हंगामाची पाहुणी. तिनं एका कणसातून चार-पाच दाणे काढले आणि अंगठ्याच्या नखावर घेऊन दुसऱ्या नखानं दाबले. पोचट दाणा असता तर त्याचा भुसा झाला असता. हे टणक निघाले. फुटल्यावर आत पांढरा गर होता, आणि नखाला तेल लागलं.

चांगुणाआत्या शेजारी उभी राहून बघत होती. तिला समजायला वेळ लागला नाही. ग्रामसभेत तीच तर बोलली होती.

"उपास न करता झालं हे," ती म्हणाली.

हर्षालीनं मान हलवली. कसं झालं, हेही तिला त्याच क्षणी कळलं होतं. फक्त ते मनात नीट मांडायला ती घरी पोचेपर्यंत वेळ गेला.

माघात, दाणा भरायच्या त्या शेवटच्या पंधरवड्यातच, कमळाकर गेले होते. आजारी वगैरे नव्हते. दुपारी जेवून उठताना भिंतीला टेकले, ते टेकलेच. हर्षाली तेव्हा उघाडीवर होती. दार वर होतं आणि पाणी आत येत होतं. तिचा चुलतभाऊ नितेश मोटारसायकल घेऊन बांधावर आला आणि "काका" एवढंच म्हणाला. ती दार तसंच टाकून त्याच्या मागे बसली.

गावात एक रीत होती. ज्या घराकडे उघाडीची राखण, त्या घरात कोणी गेलं की दहावं होईपर्यंत उघाडीला हात लावायचा नाही. घराला सुतक तसं उघाडीलाही. जुन्या काळात त्यानं काही बिघडत नसे. लाकडी झडप वरून टांगलेली असायची. भरती आली की बाहेरच्या रेट्यानं ती बंद व्हायची, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडायची. राखण करणाऱ्यानं गाळ काढायचा, अडकलेलं लाकूड बाजूला करायचं, एवढंच. दहा दिवस कोणी फिरकलं नाही तरी झडप आपलं काम करत राही, आणि भाताला थेंबभर खारं पाणी लागत नसे.

स्मशानातून परत आल्यावर आत्यानं उघाडीचा विषय काढला, तेव्हा हर्षालीनं तिला समजावून पाहिलं होतं.

"आत्या, ती आपोआप चालते. कोणी हात लावत नाही तिला."

"आपोआप चालते, पण तिला सांगतंय कोण?"

"मी सांगते. एकदा सांगून ठेवलेलं असतं."

"मंग तुझाच हात ना गो."

हर्षालीला पुढे वाद घालायचाही नव्हता. वडिलांसाठी करण्यासारखं काहीतरी आहे आणि ते आपल्यालाच करता येणार आहे, हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. तिनं जाऊन मोटरीचा खटका पाडला, बॅटरीची तार सोडवली आणि पेटीला कुलूप घातलं. दार वरच राहिलं. दहा दिवस समुद्र त्याच्या मर्जीनं आत आला आणि बाहेर गेला. पिकाचं नुकसान होणार हे सगळ्यांना दिसत होतं, पण गावानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. संस्थेला तिनं कळवलं ते एवढंच, की मोटर बंद होती.

अकराव्या दिवशी ती उघाडीवर गेली तेव्हा खाडीच्या पाण्यावर पोचट दाण्यांची तपकिरी साय धरली होती. ओहोटीबरोबर ती हळूहळू बाहेर चालली होती. तिनं त्यातले मूठभर दाणे चुरडून पाहिले होते. सगळे पोकळ. तिला उलट समाधान वाटलं होतं, कुलूप चालतंय म्हणून.

आता घराच्या पडवीत बसून तिनं ते पुन्हा लावून पाहिलं. लाखात एखादं झाड असं असणार, की ज्याला उपासाची गरजच नव्हती. एरवी ते कधी ओळखू आलं नसतं. तिसऱ्या दिवशीचं पाणी पिऊन त्यानंही दाणा भरला असता, बाकीच्यांच्या दाण्याबरोबर तोही घाण्यात गेला असता. त्या दहा दिवसांनी बाकी सगळ्यांना पोचट केलं आणि ही थोडी झाडं तेवढी निवडून काढली. माणसांनी मुद्दाम करायचं म्हटलं असतं तरी इतकी बारीक चाळण लागली नसती. आणि चाळणीखालचं दार उघडं होतं.

संस्थेशी झालेल्या करारात लिहिलं होतं की बाहेर एक जरी रोप दिसलं तरी लगेच कळवायचं. कळवलं की तपासणी होईपर्यंत, म्हणजे निदान दोन हंगाम, खाराचं पाणी बंद. पाणी बंद म्हणजे पीक बंद. भाताची जमीन आता भाताची राहिली नव्हती, तिच्यात दुसरं काही येणार नव्हतं. आणि नाही कळवलं, तर आत्या आणि तिच्यासारख्या ज्या बायका त्या चिखलावर जगत होत्या, त्यांचा चिखल वर्षा-दोन वर्षांत मुळांखाली जाणार होता. या खाडीतला, मग पुढच्या.

ती आधी नितेशकडे गेली. तो शेतकरी संघाचा अध्यक्ष होता. परत आलेल्या घरांपैकी पहिलं घर त्याचं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिनं आणलेला दाणा स्वतःच्या नखावर फोडून पाहिला आणि म्हणाला की आपणच उपटू. गावातली माणसं लावू, चार ओहोट्यांत साफ होईल. कोणाला कळवायचं काय आहे? हर्षालीनं विचारलं की याच खाडीत आहे हे कशावरून? दाणे कुठवर गेले ते कोण सांगणार? शोधायला संस्थेचीच विमानं लागतील, वरून फोटो काढणारी. परत आलेली पोरं पुन्हा जातील, नितेश म्हणाला. या वेळी गेली की मग येत नाहीत. आणि काकांचं काय? दहाव्याची गोष्ट निघणारच. खारवेळ्याच्या अडाण्यांनी यंत्राला सुतक पाळलं, असं छापून येईल.

"अडाणी कोण? खटका मी पाडला," हर्षाली म्हणाली. "इंजिनियरनं पाडला असं छापायला सांग."

"छापतील तसं. तुझं सुतक फिटलं, आता आमच्यावर बसवतेस."

ती उठली. नितेश दारापर्यंत मागे आला, चप्पल शोधण्यात तिला उगाच मदत करू लागला, आणि मग म्हणाला की काका असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत आहे, म्हणूनच राग आला. हर्षालीला स्वतःला मात्र ते तितकंसं माहीत नव्हतं. वडील असते तर, असा विचार करायला लागलं की तो कुठेच पोचत नाही, हे तिच्या या दहा महिन्यांत लक्षात आलं होतं. ते असते तर दार उघडं राहिलंच नसतं.

संध्याकाळी तिनं डॉ. मुकादमांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. जांभळी शीर, पांढरा गर, मुळांची चटई. मग मागे जाऊन माघातलं सांगितलं. मोटर बंद होती हे खरं होतं, पण ती बिघडली नव्हती. का बंद होती, आणि बॅटरीची तार कोणी सोडवली, तेही. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"सर?"

"ऐकतोय. वादळ धरलं होतं आम्ही. बांध फुटणं, वीज जाणं, उंदीर, चोर, सगळं धरलं होतं. माणूस मरतं आणि त्याच्यासाठी कोणीतरी काम थांबवतं, हे धरलंच नव्हतं."

त्यांनी दार ताबडतोब खाली पाडून ठेवायला सांगितलं. खाडीतला दाणा अजून पूर्ण पिकायचा आहे, सुटायच्या आत झाडं उपटून जाळता आली तर ती गेली. मी माणसं घेऊन येतो. पाणी किती हंगाम बंद राहील ते आज सांगता येणार नाही. ते चिडले नाहीत. फोन ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, की वडील तेच ना, ज्यांनी मोटरीला जावई म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात सभा झाली. हर्षालीनं उभं राहून सांगितलं. शेवटी एकानं विचारलं की मग ती रीत पाळली हीच चूक झाली का. चांगुणाआत्या बसल्या जागेवरून म्हणाली, की कमळाकरसाठी पाळलं ते पाळलं, त्याला चूक म्हणायला मी मोकळी नाही. उपटायचं असेल ते सांगा.

ओहोटीला सगळं गाव चिखलात उतरलं. झाडं सहजासहजी निघत नव्हती. मुळाभोवती कोयत्यानं कापायचं, दोघांनी धरून ओढायचं, कणसं खाली झडू नयेत म्हणून आधी पोत्यात खुपसायची. वर्षानुवर्षं चिखलात न उतरलेली माणसं घसरत होती आणि बायका त्यांना हसत होत्या. नितेशनं पँट दुमडली तेव्हा एकीनं त्याला विचारलं की अध्यक्ष, पाय एवढे गोरे कशानं ठेवलेत, खुर्चीखाली ऊन येत नाय वाटतं? नितेशनं तिच्याच हातातलं पोतं ओढून घेतलं आणि कामाला लागला. तो हर्षालीशी बोलत नव्हता, पण कापलेली झुडपं ती बांधाकडे नेऊ लागली की न सांगता दुसरं टोक धरत होता.

काम करता करता आत्यानं विचारलं की नवीन उघाडी आता कशी करशील. हर्षालीनं सांगितलं की खटका पाडला की दार आपल्या वजनानं खाली येईल, असं करता येईल. मग दहा दिवस कोणी हात लावला नाही तरी दाणा बाहेर जाणार नाही.

"आणि आतल्या पिकाला पाणी?"

"ते मिळणार नाही. ऐन दाणा भरायच्या वेळी आलं तर पीक जाईल."

आत्यानं कोयता चिखलात टेकवून विचार केला. "म्हंजे मला मरायचं तर पावसाळ्यातच मरायला लागंल." आजूबाजूच्या बायका हसल्या. हर्षालीही हसली, आणि मग तिला वाकून बराच वेळ मुळंच कापत राहावं लागलं.

डॉ. मुकादम आले ते संस्थेची माणसं आणि वरून काढलेले फोटो घेऊन. आणखी दोन खाड्यांमध्ये जांभळट ठिपके दिसले होते. फार नाहीत, ते म्हणाले, आत्ता लागलो तर हाताळता येतील. दोन हंगाम तरी पाणी बंद, हे त्यांनी स्वतः नितेशला सांगितलं. बी दुसरीकडून मागवून तोवर खाराबाहेर कुठे काय लावता येईल, याचं बोलणं ते दोघं बांधावर उभे राहून करत राहिले. दुपारी खाडीच्या तोंडाशी पोत्यांचे ढीग पेटवले. तेलाचे दाणे तडतडत फुटत होते आणि धूर काळा, चिकट होता.

एक पोतं उरलं होतं. हर्षालीनं त्याचं तोंड सोडलं तेव्हा मुकादम तिच्याजवळ आले. चिखलात चालून ते दमले होते, चष्म्यावरही चिखलाचे ठिपके होते.

"यातलं मूठभर मला दे," ते हळू आवाजात म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मला काय म्हणायचंय ते तुझ्या लक्षात आलं असेल. या झाडाला उघाडी लागत नाही. मोटर, बांध, पाळ्या, काहीच लागत नाही. नुसता चिखल आणि येणारी-जाणारी भरती. जिथं बांध घालायची कोणाची ऐपत नाही, अशा किनाऱ्यावर हे उभं राहील. वीस वर्षं मी जे शोधत होतो, ते मला मिळालं नाही. ते इथं झालं. खाडीत नाही लावणार मी. आधी ते समजून घ्यायचं. खुब्यांना जागा सोडेल असं करता येतं का, ते बघायचं. पण सगळं जाळलं तर काहीच बघता येणार नाही."

हर्षालीनं पोत्यात हात घालून दाणे मुठीत घेतले. ते गार होते आणि थोडे तेलकट. एरवी तिला अशा वेळी काही वाटत नसे, म्हणजे वाटू न देण्याची तिला सवय झाली होती. पण त्या दहा दिवसांतून जगात उरलेलं दुसरं काही नव्हतं. राख याच खाडीत गेली होती, कपडे वाटून झाले होते. हे तेवढं उगवलं होतं. मूठ पुढे करणं अगदी सोपं होतं, आणि पलीकडे ढिगात मोकळी करणंही तितकंच सोपं होतं. आत्या थोड्या अंतरावर, धुराच्या बाजूला उभी राहून तिच्याकडे बघत होती.

"मी स्वतः सांभाळीन," मुकादम म्हणाले. "रोज मी बघेन. दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही."

ते खरं बोलत होते, हे तिला दिसत होतं. तिनं मूठ उघडली नाही.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या घरी कोणी गेलं, की त्या दिवसांत या दाण्यांजवळ कोण असेल?"